धावत्या पाटीवर पंचगंगेची पातळी

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर, दुपार]

बाहेर लेथ आणि ग्राइंडरचा आवाज. आत टेबलावर लाल एलईडीची दोन पी-टेन पॅनेल शेजारी शेजारी. एकेक पॅनेल 32 सेंटीमीटर लांब, 16 सेंटीमीटर उंच. सेंटीमीटरला एक दिवा, म्हणजे एका पॅनेलवर 512 दिवे.

पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की कोल्हापुरात जो तो विचारतो, "बंधाऱ्यावर किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तालमीच्या दारावर पातळी दिसत राहावी, म्हणून ही पोरं पाटी बनवतायत.

[दृश्य: पॅनेलची मागची बाजू, जवळून]

पाटी चालवतो अर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा एक छोटा सर्किट बोर्ड. प्रोग्रामला 32 केबी जागा, चालू कामाला जेमतेम 2 केबी रॅम. पॅनेलवरच्या शिफ्ट रजिस्टर नावाच्या चिपांमधून एकेक बिट, म्हणजे दिवा चालू की बंद एवढी खूण, रांगेनं पुढं सरकतो. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की पूर्ण अक्षर एका क्षणी कधीच पेटलेलं नसतं. 16 ओळींपैकी 4 पेटतात, त्या विझून दुसऱ्या 4. चक्र इतकं वेगानं फिरतं की डोळ्याला अक्षर सलग दिसतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात मात्र पट्टे उमटतात.

मजकूर सरकवणं अवघड नाही. दर 40 मिलिसेकंदांनी सगळं चित्र एक रकाना डावीकडं. 64 रकाने ओलांडायला साधारण अडीच सेकंद, चालता चालता वाचून होतं.

[दृश्य: पाटीवर फुटलेली अक्षरं]

घोडं अडतं मराठीपाशी. संगणक अक्षरांना क्रमांक देतो त्या युनिकोड पद्धतीत 'पूरस्थिती' या शब्दाचे 9 संकेत होतात, आणि ते यूटीएफ-८ या रीतीनं साठवले की 27 बाइट. पहिली वेलांटी साठवलेली असते 'थ'नंतर, काढायची असते जोडाक्षराच्या आधी. हे इवल्याशा चिपला कोण सांगणार? म्हणून पोरं शब्दाची मांडणी संगणकावरच करतात, त्याचं ठिपक्यांचं चित्र काढतात आणि रकान्याला 2 बाइट या हिशेबानं चिपमध्ये भरतात. बदलतो फक्त आकडा, त्यासाठी दहा अंकांची चित्रं पुरतात.

8 ओळींची मॅट्रिक्स, म्हणजे दिव्यांची जाळी, स्वस्तात मिळते. पण वर मात्रा, मध्ये शिरोरेषा, खाली उकार, एवढं 8 ओळींत कोंबलं की अक्षर ओळखू येत नाही. मराठी पाटीला 16 ओळी हव्यातच, यावर पोरं ठाम आहेत, आणि ते बरोबर आहे.

[दृश्य: वायरिंग]

पॅनेलला वीज द्यायला 5 व्होल्टचा वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), अर्डुइनोच्या पिनेवर त्यांचा भार टाकायचा नाही. ग्राउंड मात्र दोघांचं एकच. पुरात वीज जाते, म्हणून बॅटरीची सोय. आकडा ब्लूटूथनं मोबाईलवरून जातो, आणि तो प्रशासनानं जाहीर केलेलाच असायला हवा. अंदाजाचा आकडा लोकांना घर सोडायला लावू शकतो, किंवा घरातच थांबवू शकतो.

आता मागच्या पेटीच्या फटींना सिलिकॉन मारायचं, आणि पाटी तालमीवर चढवायची.