सात ओव्या, वीस मिनिटे

(दृश्य : उघडे बायबल. ओळीवर टेकलेले बोट. बोट पुढे सरकत नाही.)

मार्कलिखित शुभवर्तमान, अध्याय 10, ओव्या (बायबलमधली क्रमांक दिलेली वचने) 46 ते 52. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाचा प्रसंग. सरळ वाचत गेलात तर एका मिनिटात संपतो. आज तो वीस मिनिटे पुरवायचा आहे.

या वाचनाचे जुने लॅटिन नाव 'लेक्सिओ दिविना'. कुणी त्याला दिव्य वाचन म्हणते, कुणी प्रार्थनामय वाचन. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 48व्या प्रकरणात या वाचनाचे तास ठरवून दिलेले आहेत. त्यातल्या दोन बारीक सूचना पाहण्यासारख्या आहेत. दुपारच्या विश्रांतीत कुणाला वाचायचे असेल तर शेजाऱ्याची झोपमोड होऊ देऊ नये, ही एक. म्हणजे वाचन ओठ हलवून, आवाज काढून चालत असे. दुसरी अशी, की वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी आणि कुणी आळसात किंवा गप्पांत वेळ घालवत नाही ना, ते पाहावे. मन न लागण्याचे खापर मोबाईलवर फोडणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

(दृश्य : आल्प्समधला ग्रांद शार्त्रूझ मठ, दुरून.)

बाराव्या शतकात या मठाचे प्रमुख असलेले ग्विगो (या नावाचे दुसरे) यांनी या वाचनाची शिडी मांडली. तिला चार पायऱ्या : वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. त्यांनी दाखला दिला तो खाण्याचा. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेला त्याची चव मिळते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. मठांत मननाला रवंथ म्हणत, तेही याच अर्थाने.

आता प्रत्यक्ष करू.

उतारा आदल्या रात्री ठरवा. पाच ते दहा ओव्या पुरेत. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्यांना त्या दिवसाचे शुभवर्तमान आयते मिळते. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वाचायचे, हे चिठ्ठ्या टाकणे झाले, ते नको. पुस्तक छापील घ्या. पाठ ताठ राहील अशी खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. वेळ सकाळची बरी. रात्री जेवण झाल्यावर बसलात तर मननाच्या पायरीवरच डुलकी लागते.

पहिली दोन मिनिटे नुसते बसा. पवित्र आत्म्याला दोन शब्दांत हाक मारा.

मग उतारा मोठ्याने वाचा, स्वतःला ऐकू येईल इतपत. ओव्यांच्या आकड्यांपाशी थांबू नका. ग्विगो यांच्या बायबलात ते आकडे नव्हतेच; नव्या कराराला आजचे ओवीक्रमांक छापले गेले ते 1551 मध्ये. श्वास वाक्याच्या अर्थाने घ्या. पुन्हा वाचा, आणखी सावकाश. एखादा शब्द अडवेल, तिथेच थांबा. उतारा पुरा झालाच पाहिजे असे नाही.

(दृश्य : बोटाखालचा शब्द जवळून : 'टाकून'.)

समजा, 'टाकून' या शब्दाने अडवले. येशू बोलावतो आहे असे कळताच बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. हा शब्द हळू आवाजात घोळवा. टाकून. वस्त्र टाकून. सहा मिनिटे एवढेच.

बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. मन लगेच अभ्यासाला लागते : वस्त्र म्हणजे कोणते? बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करा, असे सांगितले आहे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. माहिती मोलाची आहे, पण तिची जागा आदल्या रात्री. दुसरी घसरण उपदेशकांची आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांची. शब्द सापडला रे सापडला, की रविवारी तो कुणाला ऐकवायचा याची जुळवाजुळव सुरू होते. तसे झाले की शब्दाकडे परत या. स्वतःवर चिडू नका. चिडणे हीही एक भटकंतीच. आणि तीनदा वाचूनही काहीच अडवले नाही, तर उतारा बदलू नका. एक वाक्य धरा आणि तिथेच बसून राहा.

मग प्रार्थना, चारेक मिनिटे. घरी जी बोली बोलता तीच वापरा. वसईकराने सामवेदीत बोलावे, वाडवळीत बोलावे. पुस्तकी 'हे परमदयाळू परमेश्वरा' आपोआप तोंडात येते आणि मनातले मनातच राहते. बार्तीमय रस्त्यावर ओरडत होता, गप्प करणाऱ्यांना न जुमानता. 'मी तुझ्यासाठी काय करावे?' असे येशूने विचारल्यावर त्याने एका वाक्यात उत्तर दिले.

त्यानंतर तीन मिनिटे गप्प. शब्दही सोडा. काही जाणवेल, डोळे पाणावतील, अशी वाट पाहू नका. बहुतेक दिवशी काहीच होत नाही आणि ती खोट नव्हे. शेवटी उतारा एकदा सलग वाचा.

चार-पाच जणांत करायचे असेल तर दर वेळी वाचणारा बदला आणि प्रत्येकाने फक्त आपला शब्द सांगावा. स्पष्टीकरण सुरू झाले की चर्चा होते, आणि वेळ तिच्यातच जातो.

उठताना कागदाच्या चिठोऱ्यावर तारीख आणि तो एकच शब्द लिहा. चिठोरे खिशात. उद्या नवा उतारा शोधू नका, पहिले तीन दिवस हाच वाचा. दुसऱ्या दिवशी बोट 'टाकून'वर थांबेलच असे नाही; कदाचित 'ओरडू लागला' इथेच अडेल.

(दृश्य : तेच पान. बोट दोन ओळी वर.)