यात्रेच्या आधीचं घर

(दृश्य : बेळगाव तालुक्यातलं एक गाव. गल्लीत वाळूचा ढीग, विटांच्या थप्प्या, दारोदारी घमेली.)

ग्रामदेवी लक्ष्मीची यात्रा दरवर्षी येत नाही. कुठल्या गावात बारा वर्षांनी, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी, कुठे त्याहूनही उशिरा. म्हणून ती ठरली, की गावाला घरं बांधायचा ध्यास लागतो. जुनी कौलं उतरतात, स्लॅब पडतात, पुण्या-मुंबईतला भाऊ पैसे पाठवतो. शेवटच्या दोन महिन्यांत तर फरशी, रंग, फर्निचर, ग्रील सगळं एकाच घरात एकदम चालू असतं. पाहुण्यांची यादी आधी तयार होते, घर मागाहून.

बांधकामातल्या घातक रसायनांबद्दल बोलायचं तर हाच काळ पकडायला हवा. छपरात किंवा भिंतीत मुकाट पडून असलेला पदार्थ सहसा फार त्रास देत नाही. तो फोडला, खरवडला, कापला किंवा अगदी ताजा असला, की श्वासातून आत जातो. यात्रेआधी हे चारही प्रकार एकाच घरात चालतात, आणि घरची माणसंही तिथंच राहत असतात.

(दृश्य : गोठ्यावरचा राखाडी, नागमोडी पत्रा. फुटलेल्या कडेतून बाहेर आलेले पांढरट तंतू.)

हा सिमेंटचा पत्रा. जवळून बघा. फुटलेल्या कडेला हे जे तंतू दिसतात, ते अॅस्बेस्टॉस या खनिजाचे. डोळ्यांना दिसतो तो जुडगा; त्यातला एकेक तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. तो तासन्‌तास हवेत तरंगतो आणि फुफ्फुसात रुतला की शरीराला विरघळवता येत नाही. त्यातून होणारा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर पत्रा कुणी फोडला होता, हे कुणाच्याही लक्षात नसतं. साठहून अधिक देशांनी अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. पत्र्यात वापरतात त्या पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर अमेरिकेनं २०२४ मध्ये घातली. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण माल बाहेरून आणून पत्रे करायला आजही मुभा आहे.

मग गोठ्यावर पत्रा आहे म्हणून घाबरून जायचं का? नाही. तो साबूत असेल तर राहू द्या. प्रश्न येतो तो उतरवताना. सुट्टीच्या दिवशी दोन पोरं वर चढतात, घण घालतात, तुकडे अंगणात पडतात, संध्याकाळी आई ते कोरडेच झाडून काढते. यातली एकही गोष्ट करायची नाही. आधी पाणी मारून पत्रा भिजवा. बोल्ट सोडवा, गंजले असतील तर बोल्ट कापा, पत्रा कापू नका. पत्रा अख्खा खाली घ्या आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. वर चढणाऱ्यानं पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही, फळी टाकायची. जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस खाली येतो, आणि हा धोका वीस वर्षं थांबत नाही. उरलेल्या तुकड्यांचा न्हाणीला आडोसा किंवा कोंबड्यांचं खुराडं करायची आपल्याकडे भारी हौस. तेही नको.

नवीन छप्पर घालताना दुकानात ‘अॅस्बेस्टॉस नसलेला’ पत्रा मागता येतो, रंगीत लोखंडी पत्रा मिळतो. आणि कौलं आहेतच. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली. खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था उगाच तिथं नाही. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कौलं दर उन्हाळ्यात चाळावी लागतात, हे खरं. तो त्रास आहे, पण छातीला नाही.

(दृश्य : जुन्या वाड्याचं दार. खरवडलेल्या जागी रंगाचे थर : वर निळा, खाली हिरवा, त्याखाली पिवळा.)

एका दाराला तीन पिढ्यांचे रंग. सगळ्यात खालचा तो चकचकीत पिवळा बघा. जुन्या ऑइलपेंटमध्ये पिवळा आणि केशरी रंग शिशाच्या क्रोमेटमधून येत असे, आणि हिरव्यातही बऱ्याचदा तोच पिवळा मिसळलेला असे. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्रानं २०१६ मध्ये केला. १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधी रंगवलेलं दार या नियमाला ओळखत नाही. ग्रीलचंही तेच. जुन्या ग्रीलखाली शेंदराचा प्राइमर असू शकतो, आणि शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड.

रंगारी आला की पहिल्यांदा कोरडा पॉलिश पेपर घासतो, नाहीतर स्टोव्हची ज्योत धरून रंग जाळतो. दोन्ही वाईट. घासल्यावर शिशाची धूळ खिडकीच्या चौकटीत बसते, जाळल्यावर वाफ होऊन नाकात जाते. रांगणारं पोर ती धूळ हाताला लावतं आणि हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक एक मात्रा चालते, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. सुरक्षित पातळीच नाही, असं म्हणते. तेव्हा ओला पेपर वापरा, खाली प्लास्टिक अंथरा, आणि शेवटी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो न खरवडता वरून रंग दिला तरी चालतो. रंगारी म्हणेल, “असं फिनिशिंग येत नाही सावकार.” नसू दे.

भिंतींना पाण्यात मिसळणारा रंग घ्या. थिनरवाला ऑइलपेंट दार-ग्रीलपुरता ठेवा. चुना तर सगळ्यात स्वस्त, फक्त देताना डोळे सांभाळायचे.

(दृश्य : सुतारकाम. प्लायवूडच्या कापलेल्या कडा, भुसा, बंद खिडक्या.)

नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, तो फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू. स्वस्त प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) चिकटवायला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. उष्णता आणि ओल मिळाली की तो हळूहळू सुटतो आणि महिनोन्‌महिने वायू सोडत राहतो. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ मध्ये हा वायू माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातला. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंतींना ओल आणि खिडक्या बंद. यापेक्षा सोयीची हवा त्याला कुठली?

दुकानात ‘कमर्शियल’ म्हणून मिळतो तो प्लाय बहुतेक याच डिंकाचा. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय फिनॉलच्या डिंकाचा. महाग पडतो, पण वायू बराच कमी सोडतो. एमडीएफ घ्यायचाच असेल तर ई-वन किंवा ई-झीरो (म्हणजे वायू कमी सोडणारा) लिहिलेला बघून घ्या. सुतार दर्शनी बाजूला सनमायका लावतो आणि मागची बाजू, आतल्या कडा उघड्या सोडतो. वायू तिथूनच येतो. त्या कडा बंद करून मागा, पैसे थोडे वाढतील.

(दृश्य : अंगणात फरशी कापणारा कामगार. तोंडाला रुमाल, पापण्यांवर पांढरी धूळ.)

रुमालानं ही धूळ अडत नाही. ग्रॅनाइटच्या आणि व्हिट्रिफाइड टाइल्सच्या धुळीत सिलिका असते, आणि तिनं होणाऱ्या सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजारावर इलाज नाही. कारखान्यानं बनवलेल्या क्वार्ट्झच्या कट्ट्यात तर सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. कापणाऱ्या कामगारांची फुफ्फुसं निकामी व्हायला लागली, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरायलाच बंदी केली. आपल्याकडे तो आता शोरूममध्ये येतोय. घरमालकानं एवढं करावं : पाण्याचा कटर असलेलाच माणूस बोलवावा आणि एन-९५ मास्क आपल्या खर्चानं द्यावा. गवंड्याला रबरी हातमोजेही द्या. ओल्या सिमेंटनं फुटलेले त्याचे हात कधी उलटे करून बघितलेत?

वाळवीचं औषध घराच्या पायात मारताना परसातली विहीर किती लांब आहे, हे आधी बघा. ते शेतात फवारायच्या औषधाचंच भावंड आहे.

आता वेळेचं. यात्रा उन्हाळ्यात असेल तर सुतारकाम दिवाळी झाली की लावा. पुढचे महिने कोरडे असतात, खिडक्या उघड्या ठेवून कपाटं रिकामी राहू देता येतात. रंग यात्रेच्या महिनाभर आधी संपवा. एवढं करूनही नव्या खोलीत वास राहिलाच, तर बाळंतीण आणि तान्ही पोरं जुन्या सोप्यात झोपू देत.

आणि सुतारानं कोपऱ्यात रचून ठेवलेले ते प्लायचे, सनमायक्याचे तुकडे, खरवडलेल्या दाराच्या फळ्या. न्हाणीच्या चुलीत हे काहीही घालू नका, त्यांच्या धुरात डिंक आणि शिसं दोन्ही असतं. यात्रेच्या जेवणावळीची लाकडं वेगळी आणा.