समुद्रतळावरची गैरहजेरी

श्रोतेहो, नमस्कार. हजेरीपट वाचताना आपण नावं बघतो, रिकाम्या जागांवरून नजर सहज पुढे सरकते. खोल समुद्राच्या तळावरचा गाळ वाचून जुनं हवामान ओळखायचं, तर मात्र रिकाम्या जागेपाशीच थांबावं लागतं.

वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या प्लवकांत फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. त्यांचं कवच चुन्याचं, आकार बहुतेकदा मिलिमीटरपेक्षाही लहान. जीव मेला की कवच तळाशी जातं. भर समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो.

१९२५ ते १९२७ या काळात ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने अटलांटिक महासागराच्या तळातून असे गाळाचे नमुने काढले. वोल्फगांग शॉट यांनी ते तपासून १९३५ साली निष्कर्ष मांडले. वरच्या थरात ग्लोबोरोटालिया मेनार्डी ही उबदार पाण्यातली जात होती. त्याखालच्या थरात ती नाही. काही ठिकाणी आणखी खाली गेलं, की पुन्हा हजर! मधला तो थर हिमयुगातला, असं शॉट यांनी ओळखलं. मोठं यंत्र नाही, रसायन नाही. सूक्ष्मदर्शक आणि चिकाटीची मोजणी. मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

पण गैरहजेरी फसवतेही. साधारण चार-पाच किलोमीटर खोलीवर पाणी थंड असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर, वर प्रचंड दाब. तिथे चुना विरघळतो. पातळ कवचं आधी जातात, जाड उरतात. म्हणजे जीव वर सुखाने जगलेला असतो आणि खाली त्याची खूणच नसते. म्हणून अभ्यासक कवचांचे तुकडेही मोजतात. तुकडे फार निघाले, तर यादीवर भरवसा कमी ठेवायचा. अशा खोलीवर रेडिओलॅरिया आणि डायटम या दुसऱ्या सूक्ष्मजीवांची सिलिकाची कवचं कामाला येतात.

उलटा प्रकारही आहे. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही मुख्यतः थंड पाण्यातली जात. ती ओमानजवळ, अरबी समुद्रात कशी? नैर्ऋत्य मोसमी वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर लोटतात, खालचं गार, पोषक पाणी वर येतं आणि ही जात फोफावते. गाळाच्या एखाद्या थरात तिची गर्दी दिसली, की त्या काळी वारे जोरदार होते असं म्हणता येतं. पाऊसही तेवढाच पडला होता का, हे मात्र तिला विचारू नये. तिला ठाऊक आहे ते वाऱ्याचं.