निळी-काळी शाई

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्याला ग्रंथालयाचं वेड जुनं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, आपलं ठाण्याचं त्याच्या पाच वर्षं आधीचं, १ जून १८९३ चं. ते उभं करणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा पुरते बावीसचेही नव्हते. म्हणून म्हणते, कॉलेजच्या पोरांच्या हाती ग्रंथालयाच्या किल्ल्या बिनधास्त द्याव्यात.

आमच्या कॉलेजचं जुनं ग्रंथालय खाडीच्या अंगाला. कौलारू छप्पर, सागवानी कपाटं, दगडी जोतं, पाच पायऱ्या. जोतं उंच, हे ध्यानात असू द्या. बांधणाऱ्याला उधाण ठाऊक होतं. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढले आणि खालच्या दोन पायऱ्या गडप झाल्या.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. लोकल बंद, मी आणि शिपाईकाका ग्रंथालयातच अडकलो. दिवे गेले, पाणी उंबरा ओलांडून आत आलं. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही खालच्या फळ्या रिकाम्या करत होतो. पुस्तकं फुगून अशी गच्च बसलेली की ओढून निघेनात. काका एकदम थांबले.

"बाई, दाखल रजिस्टर?"

ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद त्यात, आणि ते टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात! काकांनी गुडघाभर पाण्यात बसून खण उपसून काढला.

सकाळी पानं उघडली. जांभळ्या शिक्क्यांचे ओघळ झालेले, अलीकडच्या निळ्या शाईच्या ओळी धुऊन गेलेल्या. पण जुन्या ग्रंथपालांचं निळ्या-काळ्या शाईतलं अक्षर न् अक्षर जागेवर! त्या जुन्या शाईत लोह असायचं, ती कागदात मुरायची. म्हणून सांगते, नोंद करायची तर लोह असलेल्या निळ्या-काळ्या शाईनेच.

पंधरा दिवस टीपकागद बदलत पंख्याखाली वाळवलं. उन्हात नाही हं, पुठ्ठे वाकतात. विज्ञानाची गुळगुळीत कागदाची पुस्तकं मात्र विटेसारखी चिकटली, ती गेलीच.

इमारतीचा इतिहास आम्हाला कळतो तो त्या रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यातून. कपाटं कधी आली, कौलं कधी बदलली. पहिल्याच पावसाळ्यात भरतीचं पाणी तिसऱ्या पायरीला लागल्याची नोंदही तिथेच आहे. ती तिसरी पायरी आज रस्त्यावरून चढताना पहिली लागते.