हयातीचा दाखला

(साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात कोषागारातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, नमस्कार.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. वय एक्क्याण्णव. यजमान महसूल खात्यात अव्वल कारकून होते, आता काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्या हयातीच्या दाखल्याचं काम माझ्याकडे येतं. पूर्वी अंगठ्याच्या यंत्रापुढं दरवर्षी तमाशा व्हायचा. जन्मभर भांडी घासून आणि भाकरी थापून बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेलेल्या, यंत्र काही ओळख देईना. आता चेहरा दाखवायची सोय झाली आहे. मोबाइल समोर धरायचा, ॲप सांगतं, डोळे मिचकावा. मिचकावले की सरकारदरबारी तुम्ही जिवंत! गेल्या खेपेला काकूंनी इतक्या बेतानं डोळे मिचकावले की ॲपला पत्ताच लागेना. तीनदा झालं. चौथ्या वेळी काकू भडकल्या, "अरे, मेलेलं माणूस एवढं चिडतं का कधी?"

मला विषय दिलाय नवं तंत्रज्ञान आणि वाढतं आयुष्य. मी शास्त्रज्ञ नाही. चौतीस वर्षं ट्रेझरीत काढली, त्यातली बरीचशी पेन्शनच्या टेबलावर. पण माणसं जास्त जगायला लागली, हे डॉक्टरांच्या आधी आमच्या टेबलाला कळलं असावं. याच काकूंच्या यजमानांचं बघा. १९४७ ला नोकरीला लागले, १९८३ ला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. तेव्हा मी नवा होतो, त्यांचे कागद माझ्याच हातून गेले. २०२१ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. छत्तीस वर्षं नोकरी आणि अडतीस वर्षं पेन्शन. काकूंचं अजून चालू आहे, आणि चालू राहो.

यात त्यांची काही चूक नाही. हिशेब मांडणाऱ्यांचा अंदाज चुकला. जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं १८८९ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन आणलं, तेव्हा वयाची अट सत्तर होती. सत्तरी गाठणारे थोडे, त्यामुळे तिजोरीला घोर नव्हता. आपल्याकडं केंद्राचा एक नियम आहे. ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढतं, मग दर पाच वर्षांनी आणखी वाढत जातं आणि शंभरी भरली की मूळ पेन्शन दुप्पट. सहाव्या वेतन आयोगानं हे दिलं. देणाऱ्यांनी किती शंभरीवाले गृहीत धरले होते देव जाणे. जपाननं १९६३ मध्ये मोजणी केली तेव्हा त्यांच्याकडं शंभरी पार केलेले १५३ जण होते. २०२४ मध्ये तोच आकडा पंच्याण्णव हजारांच्या वर गेला.

आपल्याकडचं माप वेगळं, पण गोष्ट तीच. सहस्रचंद्रदर्शन घ्या. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस. म्हणजे हजार पौर्णिमा बघायला ऐंशी वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात. माझ्या लहानपणी अख्ख्या पेठेत असा सोहळा एखादाच व्हायचा, आणि आम्ही पोरं त्या आजोबांकडं अजिंक्यताऱ्याकडं बघावं तसं बघायचो. आता मंगल कार्यालयात चौकशी करा, लग्नाच्या तारखा सहस्रचंद्रदर्शनाशी भांडत असतात.

ही वर्षं आली कुठून? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीयाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज सत्तरच्या घरात आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे बत्तिशीत मरत होते असा नाही. पाळण्यातच निम्मा हिशेब चुकता व्हायचा. देवी, पटकी, धनुर्वात, बाळंतपण. लस, नळाचं पाणी आणि पेनिसिलिन यांनी ती वर्षं वाचवली. म्हणजे आतापर्यंतची वाढ ही मुख्यतः लहान मुलं जगवून झाली. आता जे चाललंय ते म्हाताऱ्यांना जगवण्याचं, आणि इथून पुढं खेळ बदलतो.

१९९३ मध्ये सिंथिया केन्यन या अमेरिकन संशोधिकेनं एका मिलिमीटरभर जंतात एका जनुकात बदल असला की तो दुप्पट जगतो, असं दाखवलं. दुप्पट जगलाच, शिवाय तरुणासारखा वळवळत राहिला, हे महत्त्वाचं. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या प्रौढ पेशीला गर्भावस्थेतल्या पेशीसारखं करून दाखवलं, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशीचं घड्याळ उलटं फिरू शकतं, एवढं त्यातून कळलं. जंत आणि पेशी म्हणजे माणूस नव्हे. उद्या कोणी साताऱ्यात तारुण्याची इंजेक्शनं विकायला आलं तर आधी पावती मागा. पण दिशा खरी आहे. म्हातारपण हे नशीब नसून दुरुस्तीचं काम आहे, असं मानून काम करणारे लोक आज जगभर आहेत.

आपल्या पुराणांना यातला धोका आधीच दिसला होता. अश्वत्थामा चिरंजीव आहे, पण कपाळावरची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरतो. आयुष्य वाढलं आणि जखम तशीच राहिली, तर तो शाप. त्यामानानं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनं केवढं पुण्य केलंय! सकाळी जायचं, दुपारी घरी. आमच्यातले एक गृहस्थ दोन्ही गुडघे बदलून चौऱ्याहत्तराव्या वर्षी रोज पहाटे किल्ल्यावर जातात आणि वर पोचल्यावर तरुणांना चालण्याची रीत शिकवतात. ते एक सोडलं तर त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पैशाचं एकच सांगतो. सिकल सेल या रक्ताच्या आजारावर जनुक दुरुस्त करणारा उपचार २०२३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत एका माणसामागं बावीस लाख डॉलर. आपल्याकडं हा आजार आहे गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर. मरण सगळ्यांना सारखं, हा गरिबाचा एक मोठा दिलासा होता. तोही जायचा.

आता साताऱ्याकडं येतो. लांबलेल्या आयुष्याचं काय करायचं, हा प्रश्न जगाला आज पडलाय, आपल्या जिल्ह्याला तो शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. फौजेमुळं. अपशिंगे मिलिटरी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे शेहेचाळीस जवान कामी आले, त्याचा स्मृतिस्तंभ आहे. जे परत आले आणि त्यानंतर आजवर जे भरती होत गेले, त्यांचं आयुष्य कसं असतं? अठराव्या वर्षी भरती, पस्तिशी-चाळिशीत घरी. जग ज्या वयात कामाच्या भरात असतं त्या वयात आमचा माणूस "पेन्शनर" होतो. मग काय करतो? कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कोणी शेती धरतो, कोणी सरपंच होतो. काही नुसते पारावर बसून १९७१ पुन्हा लढतात. पण बहुतेकांनी पस्तिशीनंतर दुसरा जन्म घेतला. सतरा वर्षं नोकरी आणि पुढं पन्नास वर्षं आयुष्य, हे गणित या मातीनं जमवलं. कुठल्या विद्यापीठानं त्यांना शिकवलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला येणारी ठरलेली रक्कम पाठीशी होती, म्हणून धाडस करता आलं.

आणि नेमकी तीच रक्कम आता जाते आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं जुनं पेन्शन गेलं. २०२२ मध्ये अग्निपथ आलं. चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस पुढं कायम, बाकीचे बावीस-तेविसाव्या वर्षी पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम घेऊन घरी, पेन्शन नाही. धोरण बरं की वाईट यावर भांडायला ही जागा नाही. मी हिशेबनीस आहे, मला फक्त दोन रकाने दिसतात. आयुष्याचा रकाना वाढतो आहे आणि खात्रीच्या पैशाचा आखडतो आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. वाढलेली वर्षं आपण सगळी शेपटाला जोडतोय. शिक्षण बावीसपर्यंत, काम अठ्ठावन्नपर्यंत, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं मिळून एक मोठी वेटिंग रूम. ही वर्षं आयुष्याच्या मध्ये घालायला हवीत. संगणक आला तेव्हा मी चाळिशीच्या पुढं होतो. बोटांवर बेरजा करणारा माणूस, पहिले सहा महिने कीबोर्डवर "श" शोधण्यात गेले. मला एकदाच शिकावं लागलं. आज पंचविशीत असलेल्या पोराला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात तीन-चारदा धंदा बदलावा लागेल. पंचेचाळिसाव्या वर्षी तो शिकायला जाणार कुठं? आयटीआयला वयाची वरची अट नाही, हे कितीजणांना माहीत आहे? कर्मवीर अण्णांनी गरिबाच्या पोरांसाठी "कमवा आणि शिका" काढलं. आता ते त्या पोरांच्या बापांसाठी काढायची वेळ आली आहे, आणि ते साताऱ्यातूनच निघावं, असं आपलं मला वाटतं.

पण सगळ्यात अवघड गाठ वेगळीच आहे. ती सातबाऱ्याची.

कोरेगाव बाजूचं एक घर मला ठाऊक आहे. आबा एकोणनव्वद वर्षांचे, मुलगा त्रेसष्टचा, नातू अडतीसचा. जमीन आबांच्या नावावर. नातवाला ठिबक करायचंय. अनुदानाचा अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्यानं करायचा, म्हणजे आबांनी. आबांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, वर आबांना ठिबक पसंत नाही. त्रेसष्ट वर्षांचा मुलगा, ज्याला स्वतःला शुगर आहे, तो म्हणतो, "आबांना विचारून सांगतो." त्या माणसानं जन्मात एकही निर्णय स्वतःहून घेतलेला नाही. नातू आता पुण्याला कंपनीत बघतोय.

इंग्लंडचा चार्ल्स २०२२ मध्ये राजा झाला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. लोक हसले. आमच्याकडं असे युवराज वाडी-वाडीवर आहेत. पूर्वी बाप साठीत जायचा आणि पोरगा पस्तिशीत कर्ता व्हायचा. निसर्गच सातबारा फिरवायचा. आता निसर्गानं ते काम सोडलंय आणि आपण ते हातात घेतलेलं नाही. ययातीनं पुरूकडं तारुण्य मागितलं, तेव्हा निदान मागितलं तरी! आम्ही न विचारताच घेऊन बसलोय.

तुमच्या चेहऱ्यांवर काय आहे ते मला दिसतंय. जमीन नावावर करून दिली आणि पोरानं बाहेर काढलं तर? भीती रास्त आहे, अशी प्रकरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून नीट ऐका. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याचं कलम २३. बक्षीसपत्र करताना "माझा सांभाळ करावा" ही अट घातली आणि ती पाळली गेली नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. त्यासाठी प्रांतांकडं जायचं, दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. अट मात्र कागदावर स्पष्ट हवी. "पोरगा सोन्यासारखा आहे" हे कागदावर चालत नाही.

आता सांभाळ म्हणजे तरी कोण करणार? शहाऐंशीच्या सासूची शुश्रूषा आज बासष्टची सून करते आहे, आणि तिचेच गुडघे गेलेत. पुढं तिच्यासाठी कोण? तिचा एकुलता एक मुलगा बंगळुरात. त्यानं आईच्या घरात कॅमेरा बसवलाय. मागच्या पावसाळ्यात आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली, हे त्याला बंगळुरात बसून आमच्या आधी कळलं. उचलायला मात्र मलाच जावं लागलं. जपाननं २००० मध्ये शुश्रूषेचा वेगळा विमाच काढला, चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. आपल्याकडं २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, चांगलंच आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. घरी येऊन अंग पुसणाऱ्या मावशींचा पगार त्यात नाही. ज्या बाईनं उभं आयुष्य दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, तिला श्रावणबाळ योजनेतून महिना दीड हजार. मावशी ठेवण्याची गोष्ट सोडा, तीच या वयात कोणाकडं तरी मावशी म्हणून जाते.

वेळ झाली, मागच्या बाजूला चहाचे कप वाजायला लागलेत. माझं स्वतःचं काय, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. पासष्टाव्या वर्षी मी गावची अडीच एकर मुलाच्या नावावर केली, अटीसकट. त्यानं पहिल्याच वर्षी माझा ऊस मोडून आलं लावलं. ठिबक टाकलं, मातीत ओल मोजायची काडी रोवली, ती काडी त्याच्या मोबाइलवर सांगते पाणी कधी सोडायचं. मी दर रविवारी एसटीनं जातो आणि बांधावर बसतो. गेल्या रविवारी मी म्हटलं, अरे पानं जरा पिवळी दिसताहेत. त्यानं मोबाइल बघितला, म्हणाला, "नाही अण्णा, ओल बरोबर आहे." मी गप्प बसलो. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, कंदाला कूज लागली होती. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.