शाळेची समिती निवडताना

(बीड जिल्ह्यातल्या एका पालक मेळाव्यातील भाषणाचं संपादित शब्दांकन)

माय-बापहो, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आपण पुण्या-मुंबईहून गाड्या करून मतदार आणतो. एका वॉर्डासाठी भावकी फुटते. पण शाळा व्यवस्थापन समिती निवडायची पालकसभा असली, की पंधरा-वीस जण येतात, सह्या करतात आणि चहा घेऊन निघून जातात. ही समिती म्हणजे तुमच्या लेकरांच्या शाळेचं सरकार आहे. म्हणून आज फक्त तिच्याबद्दलच बोलणार आहे.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या २१ व्या कलमात ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत, निम्म्या सदस्य बाया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या आई-बापांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि मुदत दोन वर्षांची. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं आणि आलेला पैसा कुठं गेला ते बघणं ही समितीची कामं. सरकारी कायद्यात गरीब माणसाच्या हाती एवढा अधिकार फार कमी ठिकाणी दिलेला आहे.

आता गावात काय होतं ते बघा. आदल्या रात्री पारावर दोन्ही गटांची बैठक बसते. सोसायटी तुमच्याकडं, तर शाळा आमच्याकडं, असं ठरतं. सकाळी पालकसभेत एक नाव सुचवलं जातं, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात आणि इतिवृत्ताच्या वहीत ‘बिनविरोध’ लिहिलं जातं. बिनविरोध झालं याचा आपल्याला अभिमान वाटतो. मला वाटत नाही. ज्या सभेत उमेदवाराला एकही प्रश्न विचारला गेला नाही, तिथं निवड झाली असं मी मानत नाही. अध्यक्ष व्हायचं असेल त्यानं पालकांसमोर उभं राहून पाच मिनिटं सांगावं की दोन वर्षांत शाळेसाठी काय करणार. आणि बाया निवडल्या असतील, तर सभेला त्यांनीच यावं. खुर्चीवर नवरा आणि वहीत बायकोची सही, हे बंद झालं पाहिजे.

शाळा गावाच्या हाती द्यावी की नाही, हा वाद जुना आहे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्यांमधून शिक्षक तयार करा, हे त्यातलं आपल्याला माहीत असतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: शहरातल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांकडून घ्या, मात्र त्या शाळांचा कारभार नगरपालिकांच्या हाती देऊ नका. लोकांसाठी आयुष्य घातलेला माणूस लोकांनी चालवायच्या संस्थेला नको म्हणतो! पण जोतीराव स्वतः १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तिथं कोण बसतं आणि कोणाच्या लेकरांचा विचार होतो, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. त्यांच्या सांगण्याचा मी लावतो तो अर्थ असा: खुर्चीवर कोण आहे हे बघितल्याशिवाय सत्ता गावाकडं आली एवढ्यावर खूश होऊ नका.

पुढं १९२३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडं गेल्या. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो कारभार आपल्याकडं आला नाही. आपल्या वाट्याला आली ती १९६२ ची जिल्हा परिषद. ते असो. फुल्यांच्या शंकेला कायद्यानं उत्तर द्यायला २००९ साल उजाडलं. वंचितांना प्रमाणात जागा, हे ते उत्तर. ते कागदावर आहे, आपल्या गावात आहे का, हे तुम्हीच बघायचं.

बीड, धारूर, पाटोदा, शिरूर या पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो. दिवाळी झाली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, गावातून निघतो. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात उभा राहतो, आणि नवरा-बायको चुलीच्या सामानासकट कारखान्याला जातात. सहा महिने गाव अर्धं रिकामं. अशा वेळी नोव्हेंबर-डिसेंबरात पालकसभा घेतली, तर तिला कोण असणार? गावात राहिलेले, म्हणजे जमीनवाले, दुकानवाले, नोकरीवाले. ज्यांची लेकरं पाचटात खेळत शाळा बुडवणार आहेत, त्यांचा एकही माणूस समितीत येत नाही. कायद्याचं प्रमाण तिथंच मोडलं.

आणि याच समितीच्या हातात हंगामी वसतिगृह आहे. आई-बाप तोडीला गेले तरी लेकरू आजीजवळ गावातच राहावं, दोन्ही वेळ जेवावं आणि शाळेत जावं, यासाठीची ही सोय. कोणाची लेकरं जाणार याचा सर्व्हे, याद्या, प्रस्ताव, स्वयंपाकाची व्यवस्था, हे सगळं समितीमार्फत चालतं. हे काम कोयता निघायच्या आधी व्हायला लागतं. समितीत तोडकऱ्याची बाई असेल, तर ती भाद्रपदातच सांगेल की आमच्या वस्तीवरची अमुक लेकरं जाणार आहेत. ती नसेल, तर प्रस्ताव डिसेंबरात हलतो आणि तोवर मूल फडात पोचलेलं असतं.

याला पटाचाही, म्हणजे शाळेतल्या लेकरांच्या संख्येचाही, धागा आहे. लेकरं गेली की पट घसरतो. २०२३ च्या सुमारास २० च्या आत पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात होत्या. पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण दाखवून त्यांच्या समूहशाळा करायचा, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायचा, विचार तेव्हा पुढं आला. मोठ्या शाळेत सोयी जास्त मिळतील हे मी नाकारत नाही. पण डोंगरातल्या वस्तीवरची सात वर्षांची पोरगी रोज गाडीनं दुसऱ्या गावाला जाईल, यावर माझा विश्वास नाही. गाडी चार दिवस आली नाही की तिची शाळा सुटली. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, हा नियम विचार करूनच केलेला आहे. वस्तीवरची शाळा बंद करायला माझा विरोध आहे. त्याविरुद्ध ठराव करायची पहिली जागा हीच समिती आहे.

नव्या अध्यक्षानं काय विचारावं? पैशापासून सुरुवात करा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. किती आलं, कशावर गेलं, पावत्या कुठं आहेत, हे मासिक सभेत बघा. यात गुरुजींवर संशय घ्यायचा नाही. चांगले मुख्याध्यापक स्वतःच वही पुढं करतात.

मग दिवस मोजा. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना दुसरी अशैक्षणिक कामं लावू नयेत, असं कलम २७ सांगतं. तरी गुरुजी माहिती भरण्यात अडकले असतील, तर तसा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. गुरुजी एकटे बोलले तर नोटीस येते. पालकांचा ठराव असला तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि तिसरीतल्या कुठल्याही पोराला जवळ बसवून पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा. अडखळलं तर रागावू नका. कोणत्या अक्षराला, कोणत्या जोडाक्षराला अडतं ते बघा आणि वर्गशिक्षकांशी बोला. शाळेला रंग देणं, स्वागत कमान बांधणं हे दिसतं, म्हणून समित्या त्यात रमतात. वाचन दिसत नाही, ते बसून ऐकावं लागतं.

माझी मागणी एवढीच आहे. समितीची मुदत संपत असेल, तर नवी पालकसभा जून-जुलैत, कोयता गावात असताना घ्या. संध्याकाळी घ्या, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही. नोटीस फळ्यावर लावून थांबू नका, तांड्यावर आणि वस्तीवर माणूस पाठवून सांगा. या मेळाव्यात जे मुख्याध्यापक बसलेत, त्यांनी तारीख आजच ठरवून जावं आणि सगळ्यांसमोर सांगावं.