बसऱ्याचं नाव, मुंबईचा भाव

हा तन्मणी जरा जवळून पाहा. खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, वरच्या दाण्यांवर सायीसारखी पिवळसर झाक आहे. आजीला विचारलंत तर ती ठसक्यात सांगेल, "बसऱ्याचे मोती आहेत हो!" गंमत अशी, की हे मोती बसऱ्याचे नव्हेतच. ते निघायचे बहारीन-कतारच्या उथळ समुद्रात. बसरा हे इराकमधलं व्यापाराचं बंदर. नाव मात्र त्याचं चिकटलं.

जून ते सप्टेंबर, ऐन उन्हाळ्यात, तिथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड घेऊन तळ गाठायचे. दम संपत आला की दोरीला हिसका; वरचा जोडीदार ओढून घ्यायचा. शेकडो शिंपले फोडावेत, तेव्हा एखादा बरा दाणा. बहुतेकांवर तिथल्या नाखुद्याचं, म्हणजे होडीच्या कप्तानाचं, कर्ज. हा नाखुदा म्हणजे आपल्या कोळीवाड्यातल्या नाखव्याचाच भाऊबंद!

हंगाम सरला की तांबड्या फडक्यात बांधलेला माल मुंबईला यायचा. मुंबादेवीपासून हाकेच्या अंतरावर मोती बाजार, धनजी स्ट्रीट. इथे पितळी चाळण्यांतून दाणे वेगळे व्हायचे. कमानीच्या गिरमिटाने कारागीर वेज, म्हणजे ओवायचं भोक, पाडायचा. हात जरा हलला की मोती गेला. मग जोड्या लावून माल पॅरिसला, लंडनला.

आणि भाव? तो नुसत्या वजनावर नसे. रती हे मोत्यांचं वजन; रतींचा वर्ग करायचा, त्याला ५५ ने गुणून ९६ ने भागायचं, मग नगांनी भागायचं. येते ती 'चव'; भाव ठरायचा तिच्यावर. जिभेशी तिचा काही संबंध नाही! दाणा दुप्पट जड, तर चव चौपट. सौदा रुमालाखाली, बोटं दाबून. शेजारी बसलेल्यालाही आकडा कळायचा नाही.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा एक वाडाच कार्तिए या जवाहिऱ्याला मिळाला, मोत्यांचा दुपदरी हार आणि वर १०० डॉलर देऊन. हाराची किंमत धरली होती १० लाख डॉलर. पुढे जपानच्या मिकिमोतोंचे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात उतरले, १९२९ ची मंदी आली, आणि १९३२ मध्ये बहारीनला तेल लागलं. पाणबुडे तेलाच्या कामावर गेले. १९५७ मध्ये तोच हार लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेला.

तन्मणी आज पुन्हा ओवायला आला आहे. पटवेकरी रेशीम कापण्याआधी दाणे मोजतो, मोठ्याने. समोर बसलेली आई ते ऐकून घेते, आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.